गोठलेल्या द्रावणातला निळा रंग: अडकलेला इलेक्ट्रॉन आणि त्याला धरणारी काच

खानापूर तालुक्यातल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "सर, पुस्तकात लिहिलंय की सोडियम हायड्रॉक्साइडचं तीव्र द्रावण द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून गॅमा किरणांत ठेवलं की ते गर्द निळं होतं आणि उजेड पडला की रंग उडतो. हा रंग नक्की कशाचा? साध्या पाण्याच्या बर्फात तो का येत नाही? आणि आपल्या बेळगावच्या बाजूला राहून यातलं काही हातानं करून बघता येईल का, की ते फक्त मोठ्या शहरांतल्या लॅबचंच काम?"

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे काच. बहुतेक विद्यार्थी सगळं लक्ष इलेक्ट्रॉनवर ठेवतात आणि तो ज्या गोठलेल्या द्रावणात बसलाय त्याला नुसतं भांडं समजतात. माझ्या मते हा विषय अवघड वाटायचं मोठं कारण हेच आहे, आणि प्रयोग फसतात तेही बहुतेक वेळा किरण लागायच्या आधी, द्रावण गोठवतानाच. म्हणून इलेक्ट्रॉन तिथं पोचतो कसा ते थोडक्यात सांगतो आणि मग काचेकडे येतो.

कोबाल्ट-६० मधून १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. असा किरण द्रावणातून जाताना एखाद्या इलेक्ट्रॉनला जोराचा धक्का देतो, तो वेगवान इलेक्ट्रॉन वाटेत हजारो रेणूंचं आयनीभवन करत जातो आणि प्रत्येक वेळी एक नवा, कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन सुटतो. किरणाची ऊर्जा द्रावणात सगळीकडे सारखी पसरत नाही, छोट्या छोट्या पुंजक्यांत पडते, आणि या पुंजक्यांना आपल्या शास्त्रात स्पर म्हणतात. सुटलेल्या इलेक्ट्रॉनपैकी बरेच आपल्याच धन आयनाकडे परत जाऊन संपतात. जे त्याच्या ओढीतून निसटतात, त्यांचीच ही गोष्ट.

द्रवरूप पाण्यात असा इलेक्ट्रॉन थंडावला की भोवतालचे पाण्याचे रेणू त्याच्याकडे तोंड फिरवतात आणि त्याला घेरून बसतात. त्याला जलयोजित इलेक्ट्रॉन म्हणतात. तो सुमारे ७२० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, पण मिलिसेकंदाच्या आतच कुणाशी तरी अभिक्रिया करून नाहीसा होतो. म्हणून त्याचा वर्णपट हाती यायला १९६२ साल उजाडावं लागलं. हार्ट आणि बोग यांनी इलेक्ट्रॉनचा अगदी क्षणिक झोत पाण्यावर सोडून तो टिपला. त्याच वर्षी जर्मनीत शुल्टे-फ्रोलिंडे आणि आयबेन यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी अल्कली द्रावण गोठवलं, त्याला किरण दिले आणि निळा रंग तासन् तास टिकवून दाखवला. द्रव अमोनियात सोडियम टाकल्यावर येणारा निळा रंग तर त्याहून खूप जुना आहे, वेलनं तो १८६४ मध्येच नोंदवला होता. सगळीकडे मूळ गोष्ट तीच: कुठल्याही अणूच्या मालकीचा नसलेला, द्रावकाच्या रेणूंनी धरून ठेवलेला इलेक्ट्रॉन.

आता काच. खडीसाखर आणि लिमलेटची गोळी, दोन्ही साखरच. पहिलीत रेणू रांगेत, ओळीनं, एकही जागा न सोडता बसलेत. दुसरीत पाक पटकन थंड झाला, रेणूंना रांग लावायला वेळ मिळाला नाही आणि ते होते तसेच वेडेवाकडे गोठले. लिमलेटची गोळी ही शब्दशः काचच आहे. शुद्ध पाणी द्रव नायट्रोजनमध्ये घातलं तर नेहमीच्या पद्धतीनं त्याची काच होत नाही, पांढरा स्फटिकमय बर्फ होतो. त्यात इलेक्ट्रॉन तयार होत नाहीत असं नाही. तयार होतात, पण बसायला जागा नसते. जाळी इतकी नीटनेटकी असते की इलेक्ट्रॉन तिच्यातून भटकत राहतो आणि शेवटी धन आयनाला किंवा मुक्तमूलकाला (एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूच्या तुकड्याला) गाठून संपतो. म्हणून ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला (सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअस), शुद्ध बर्फात अडकलेल्या इलेक्ट्रॉनचं उत्पादन जवळजवळ नगण्य असतं. काचेत मात्र जागोजागी फटी असतात, जिथं तीन-चार ओ-एच गट योगायोगानं एकाच पोकळीकडे तोंड करून असतात. भटकणाऱ्या इलेक्ट्रॉनला ती तयार जागा मिळते. तो तिथं टेकला की आजूबाजूचे गट आणखी थोडे वळतात, खड्डा खोल होतो आणि सुटका अवघड होते.

पण फक्त काच होणं पुरेसं नाही, आणि हे पुस्तकात सहसा एका ओळीत उरकलेलं असतं. १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड दोन कामं करतं. एक, पाण्याला स्फटिक होऊ देत नाही. दुसरं, इलेक्ट्रॉनच्या वैऱ्यांचा बंदोबस्त करतं. पाण्याचं आयनीभवन झालं की प्रोटॉन सुटतो, आणि इलेक्ट्रॉन व प्रोटॉन भेटले की हायड्रोजन अणू तयार होऊन इलेक्ट्रॉन गेलाच. अल्कलीत हायड्रॉक्साइड आयन त्या प्रोटॉनला लगेच गिळतो. ओएच मूलकाचाही प्रोटॉन काढून घेऊन त्याचा ऑक्साइड मूलक आयन होतो आणि तो जागच्या जागी गोठून राहतो. उलट बाजू बघायची असेल तर गंधकाम्लाची किंवा फॉस्फोरिक आम्लाची काच घ्या. तिथं निळा रंग येत नाही. ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) यंत्रावर, जे चुंबकीय क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनचा संकेत टिपतं, मात्र सुमारे ५०० गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) अंतरावरच्या दोन रेषा दिसतात, त्या अडकलेल्या हायड्रोजन अणूच्या. काच दोन्हीकडे आहे, पण एकीत इलेक्ट्रॉन जगतो आणि दुसरीत त्याचा हायड्रोजन होतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर आता देता येतं. १० मोलर अल्कलीच्या काचेत इलेक्ट्रॉन ५८५ ते ५९० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतो, म्हणजे पिवळा-नारिंगी भाग खातो आणि निळा सोडतो. पण इथॉनॉलच्या काचेत हाच इलेक्ट्रॉन ५४० च्या जवळ शोषतो आणि काच जांभळी दिसते. २-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान, ज्याला लॅबमध्ये आम्ही एमटीएचएफ म्हणतो, त्याच्या काचेत शोषणाचं शिखर १,२०० नॅनोमीटरच्या आसपास अवरक्तात जातं. ३-मिथाइलपेंटेनमध्ये ते सुमारे १,६०० ला आहे. ऊर्जेच्या भाषेत सांगायचं तर अल्कलीत २ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या थोडं वर, एमटीएचएफमध्ये १ च्या आसपास आणि हायड्रोकार्बनमध्ये पाऊणच्या जवळ. द्रावकाचे रेणू जितके ध्रुवीय आणि जितके त्याच्याकडे वळू शकणारे, तितका खड्डा खोल. तेव्हा रंग इलेक्ट्रॉनचा म्हणा, पण रंग ठरवते ती काच. वर्णपट घेताना आपण खरं तर त्या खड्ड्याची खोली मोजत असतो, आणि खड्डे सगळे एकसारखे नसतात म्हणूनच शोषणाचा पट्टा इतका रुंद, टेकडीसारखा पसरलेला येतो.

या खड्ड्याचा आकार माणसांनी शोधून काढला, हे मला या विषयातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. ईएसआरमध्ये अल्कली काचेतला इलेक्ट्रॉन साधारण १४ गॉस रुंदीची एकच रेषा देतो. साधं पाणी आणि साधा हायड्रॉक्साइड काढून जड पाणी आणि ड्युटेरियमचा हायड्रॉक्साइड घेतला की तीच रेषा बरीच अरुंद होते. म्हणजे रुंदी आली होती शेजारच्या प्रोटॉनमुळे. तिथून पुढे लॅरी केव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन स्पिन एको तंत्रानं शेजारच्या केंद्रकांची अंतरं काढली. त्यांचं चित्र असं: मध्ये इलेक्ट्रॉन, भोवती पाण्याचे सहा रेणू अष्टफलकाच्या टोकांवर, आणि प्रत्येक रेणूचा एक ओ-एच बंध सरळ इलेक्ट्रॉनकडे रोखलेला. सगळ्यात जवळचा प्रोटॉन सुमारे २ अँगस्ट्रॉमवर. त्याआधी बऱ्याच जणांची अशी समजूत होती की रेणूचे दोन्ही हायड्रोजन सारख्याच अंतरावरून इलेक्ट्रॉनकडे बघत असतील. केव्हनच्या मोजमापानं निदान या काचेपुरतं तरी उत्तर वेगळं दिलं.

खड्डा आधीपासून असतो की इलेक्ट्रॉन आल्यावर खणला जातो, हा वाद बरीच वर्षं चालला. त्याचा निकाल इथॉनॉलच्या काचेनं चांगला दिला. ४ केल्विनला किरण दिले तर इलेक्ट्रॉन अवरक्तातच शोषतो. त्या तापमानाला रेणू जवळजवळ हलूच शकत नाहीत, म्हणून आहे त्या उथळ खड्ड्यात तो बसून राहतो. हळूहळू ७७ केल्विनपर्यंत आणलं की ओ-एच गट वळतात आणि पट्टा सरकत दृश्य भागात येतो. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या. पहिली जागा काच देते आणि पुढचं खोलीकरण इलेक्ट्रॉन स्वतः करून घेतो.

आता रंग उडतो कसा. उजेडानं उडतो ते सरळ आहे: फोटॉननं इलेक्ट्रॉनला खड्ड्यातून वर काढलं की तो पुन्हा भटकतो आणि या वेळी बहुधा एखाद्या मूलकाला किंवा धन आयनाला गाठतो. उष्णतेनं उडतो तेही सरळ: एमटीएचएफची काच ९० केल्विनच्या थोडं वर मऊ व्हायला लागते आणि मग सगळंच हलायला लागतं. अशा वेळी परतलेल्या इलेक्ट्रॉनमुळे काच अंधारात मंद चमकतेसुद्धा.

तिसरा मार्ग मात्र खास आहे. अंधारात, ७७ केल्विनला, काहीही हलत नसताना इलेक्ट्रॉन कमी होत जातात. एमटीएचएफमध्ये थोडं बायफिनाइल (इलेक्ट्रॉन सहज घेणारा पदार्थ) मिसळलेलं असेल तर हे ठळकपणे दिसतं: इलेक्ट्रॉनचा पट्टा उतरतो आणि बायफिनाइल ऋण आयनाचे ४०० आणि ६५० नॅनोमीटरजवळचे पट्टे चढतात. इलेक्ट्रॉन खड्ड्यातून वर चढत नाही, आडवा, पुंज-सुरंगातून (ऊर्जेची भिंत न ओलांडता तिच्यातूनच पार होत, म्हणजे टनेलिंगनं) पलीकडच्या रेणूवर जातो. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॉन मिलर यांनी सूक्ष्मसेकंदापासून मिनिटांपर्यंत हा ऱ्हास मोजला. तो नेहमीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या कोटीच्या नियमात बसत नाही, वेळेच्या लॉगरिदमशी सरळ रेषेत जातो. कारण सोपं आहे: सुरंगाचा वेग अंतराबरोबर घातांकी घटतो. म्हणून आधी जवळचे बायफिनाइल रेणू इलेक्ट्रॉन घेतात, मग त्यांच्या पलीकडचे. वेळ दहापट वाढली की इलेक्ट्रॉनची पोच साधारण २ अँगस्ट्रॉमनी पुढे सरकते, आणि मिनिटांपर्यंत ती ३० अँगस्ट्रॉमच्या पलीकडे जाते. दोन रेणू एकमेकांना न शिवता, मध्ये कितीतरी द्रावकरेणू असताना, अभिक्रिया होते. तुम्ही अभिक्रियेचा वेग म्हणजे टकरींचा हिशोब असं शिकून आला असाल. इथं टक्कर नावाची गोष्टच नाही.

आणि याच काचेत आणखी एक मोठी गोष्ट दिसली. रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्कस यांचा सिद्धांत सांगत होता की इलेक्ट्रॉन हस्तांतरणात बाहेर पडणारी ऊर्जा वाढवत नेली की वेग आधी वाढेल, पण एका मर्यादेनंतर उलट कमी होईल. द्रवात हे दिसेना, कारण तिथं रेणू एकमेकांपर्यंत पोचायलाच जो वेळ लागतो तोच वेगावर मर्यादा घालतो. गोठलेल्या काचेत कुणी कुणापर्यंत जातच नाही, म्हणून ही मर्यादा गळून पडते. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एमटीएचएफच्या काचेत इलेक्ट्रॉन स्वीकारणारे वेगवेगळे रेणू घेऊन हा उतार दाखवला. मार्कस यांना रसायनशास्त्राचं नोबेल १९९२ मध्ये मिळालं. तुमच्या मार्गदर्शकांनी हा विषय जुना झाला असं म्हटलं तर त्यांना हा भाग जरूर वाचायला द्या.

काच निवडून आपल्याला हवा तो आयन बनवता येतो, हेही इथं सांगून टाकतो. एमटीएचएफमध्ये धन भार लवकर जागच्या जागी बंदिस्त होतो आणि इलेक्ट्रॉन मोकळा राहतो, म्हणून विरघळवलेल्या रेणूचे ऋण आयन मिळतात. ब्युटाइल क्लोराइडच्या काचेत उलट घडतं: इलेक्ट्रॉनला क्लोरीन ओढून घेतो, धन भार फिरत राहतो आणि धन आयन मिळतात. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात हॅमिल यांनी आणि पुढे क्योटोत शिदा यांनी या युक्तीवर शेकडो आयनांचे वर्णपट काढले. आजही कुणाला एखाद्या मूलक आयनाचा पट्टा ओळखायचा असेल तर याच कामाकडे जावं लागतं.

आता हाताचं काम. सोडियम हायड्रॉक्साइड १० मोलर म्हणजे लिटरला ४०० ग्रॅम. थंड पाण्यात थोडं थोडं टाकत जा, उलटं करू नका, आणि काचेच्या नव्हे तर प्लास्टिकच्या भांड्यात करा. तुमच्याकडे कणकुंबी-आमगावच्या पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, बाटली उघडली की फ्लेक्स डोळ्यांदेखत ओलसर होतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढून घेतात. वजन चुकतं, कार्बोनेट शिरतं, आणि मग तीव्रता कमी भरली की काच दुधाळ होते. जमलं तर हे काम पावसाळा संपल्यावर काढा. नाहीच जमलं तर आम्लाशी अनुमापन करून खरी तीव्रता काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गोठवायची सोपी पद्धत म्हणजे थेंब. सुई लावलेल्या सिरिंजमधून द्रव नायट्रोजनवर एक एक थेंब सोडायचा. थेंब आधी पृष्ठभागावर वाफेच्या गादीवर नाचतो, पुरेसा गार झाला की तडतडून खाली बसतो. खालची गोळी पारदर्शक हवी. तडे गेले तर चालतील, पांढरी किंवा दुधाळ असेल तर टाकून द्या. अशा गोळीला कितीही किरण दिले तरी निळा रंग फिका येतो आणि मग माणूस डोस वाढवत बसतो. एमटीएचएफ असेल तर वेगळी काळजी: बाटलीत पडून राहिल्यानं त्यात पेरॉक्साइड तयार होतं. ते इलेक्ट्रॉन खातं आणि आटवताना स्फोटकही असतं. म्हणून आधी पेरॉक्साइडची चाचणी, मग ॲल्युमिनाच्या स्तंभातून गाळणं, मग गोठवणं-निर्वात करणं-वितळवणं असं अनेकदा करून विरघळलेला ऑक्सिजन काढणं, आणि शेवटी नळी निर्वातात सील करणं.

नळी साध्या काचेची घेऊ नका. गॅमा किरणांनी ती स्वतःच तपकिरी होते. ईएसआरसाठी उच्च शुद्धतेचं क्वार्ट्झ लागतं, आणि तेही किरण लागल्यावर स्वतःचा संकेत देतं, नेमका इलेक्ट्रॉनच्या रेषेच्या शेजारी. जुने लोक यावर जी युक्ती करत ती अजूनही चांगली आहे. नळी लांब घ्यायची, नमुना एका टोकाला. किरण दिल्यावर नमुन्याचं टोक नायट्रोजनमध्ये, काळ्या कापडाखाली झाकून ठेवायचं आणि रिकामं टोक ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायचं. त्या टोकातले दोष नाहीसे होतात. मग ते टोक पूर्ण गार करून नायट्रोजनमध्ये बुडवायचं आणि नळी उलटी करून नमुना स्वच्छ टोकाकडे घसरवायचा. घाई केली आणि टोक कोमट असताना उलटी केली तर नमुना गेला. ईएसआरवर सूक्ष्मतरंगांची शक्ती मायक्रोवॉटच्या पातळीवर ठेवा. हा इलेक्ट्रॉन फार लवकर संपृक्त होतो, आणि जास्त शक्तीवर रेषा दबून दिसली की उत्पादनच कमी आलं असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

अंधाराबद्दल एक इशारा. फोटोग्राफीच्या अंधारखोलीतला लाल दिवा इथं निरुपयोगी आहे. अल्कली काचेचा पट्टा लाल भागातही पसरलेला असतो, आणि एमटीएचएफ तर लाल व अवरक्तालाच सर्वांत संवेदनशील आहे. म्हणजे तो दिवा तुमचा नमुना तुमच्या डोळ्यांसमोर पुसतो. पूर्ण अंधारात हात चालवायची सवय करावी लागते, म्हणून आधी किरण न दिलेल्या नळ्यांवर सराव करा.

डोसचा हिशोब कागदावर आधी करून जा. समजा १ किलोग्रे डोस दिला. अल्कली काचेत दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे जवळपास २ इलेक्ट्रॉन अडकतात, म्हणजे ज्यूलमागे ०.२ मायक्रोमोल. किलोला १,००० ज्यूल, द्रावणाची घनता १.३ च्या थोडी वर, तर लिटरला सुमारे ०.२८ मिलिमोल. शोषणांक साधारण २०,००० धरला तर १ मिलिमीटर जाडीला शोषण ०.५५ च्या आसपास येतं. ते छान मोजता येतं. हाच नमुना १ सेंटिमीटर जाडीच्या पेटीत घेतला तर ५.५ येईल आणि यंत्र फक्त सपाट रेघ देईल. 'सर, खूप छान गर्द रंग आला पण वर्णपट येत नाही' या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच असतं. आणि डोसदराचा चेंबरवर चिकटवलेला जुना तक्ता तसाच वापरू नका. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं आहे. तारखेप्रमाणे ऱ्हास काढा, आणि जमलं तर तुमच्याच ड्यूअरच्या (द्रव नायट्रोजन ठेवायच्या दुहेरी भिंतीच्या भांड्याच्या) जागेवर फ्रिकी द्रावण (डोस मोजायचं फेरस क्षाराचं द्रावण) ठेवून डोस मोजा: किरणांनी फेरसचं फेरिक होतं, ते ३०४ नॅनोमीटरला मोजायचं, दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टला १५.५ आयन.

सुरक्षिततेतली एक गोष्ट मी ठळक सांगतो, कारण ती सहज सुटते. द्रव नायट्रोजन उघडा राहिला की हवेतला ऑक्सिजन त्यात द्रवरूप होऊन साठत जातो, कारण ऑक्सिजन ९० केल्विनला द्रव होतो आणि नायट्रोजन ७७ ला उकळत असतो. त्यावर गॅमा किरण पडले की ओझोन बनतो. नायट्रोजन उडून गेला की तळाशी साठलेला ओझोन स्फोट करू शकतो. म्हणून किरणनासाठी ताजा नायट्रोजन घ्या, वरून भर घालत तेच भांडं दिवसभर वापरू नका, आणि किरण दिलेलं भांडं आटेपर्यंत ठेवू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न. गॅमा चेंबर हा परवानगीचा आणि प्रशिक्षित माणसांचा मामला आहे, तो असलेल्या ठिकाणीच जावं लागेल. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकिरण रसायनाची मोठी परंपरा आहे, ७ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रवेगक तिथं १९८६ पासून स्पंद-विकिरणासाठी (इलेक्ट्रॉनच्या क्षणिक झोताच्या प्रयोगांसाठी) वापरात आहे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही मुक्तमूलकांच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिकडे जायचं तर सील केलेल्या नळ्या इथून तयार करून न्या, गोठवणं, किरण देणं आणि वर्णपट घेणं तिथंच उरका. किरण दिलेला नमुना नायट्रोजनमध्ये ठेवून रात्रभर प्रवास करत परत आणायचा खटाटोप करू नका.

पण गॅमाशिवायही अडकलेला इलेक्ट्रॉन मिळतो. अल्कली द्रावणात थोडं पोटॅशियम फेरोसायनाइड टाका. २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश फेरोसायनाइडमधून इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि काच त्याला तसंच धरते. पारदर्शक गोळ्या द्रव नायट्रोजनच्या तळाशी, तोंड उघड्या स्टीलच्या थर्मासमध्ये, वरून जंतुनाशक म्हणून मिळणारा कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा. प्रकाश नायट्रोजनमधून आरपार जातो, म्हणून महागडा क्वार्ट्झ ड्यूअर लागत नाही. रंग गॅमाइतका गर्द येणार नाही, कारण अतिनील प्रकाश पृष्ठभागापुरताच शिरतो आणि त्याच दिव्याच्या दृश्य रेषा थोडा रंग पुसतही राहतात. तरी निळी छटा येते. डोळ्यांना अतिनील गॉगल आणि चेहऱ्यावर ढाल यात सवलत नाही.

द्रव नायट्रोजन तुम्ही समजता तितका दुर्मिळ नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठल्याही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या गोठवलेल्या रेतमात्रा त्यातच ठेवलेल्या असतात. तिथल्या कंटेनरमधून मागू नका, त्यांची मात्रा मोजकी असते. पण त्यांना तो कोण पुरवतो हे विचारा आणि कॉलेजच्या पत्रावर पुरवठादाराशी बोला. त्या रेतमात्रांमध्ये ग्लिसरॉल घातलेलं असतं, पेशीत बर्फाचे स्फटिक वाढू नयेत म्हणून. तुमच्या विषयाशी ही गोष्ट थेट जोडलेली आहे. प्रथिनांचे स्फटिक क्ष-किरणांसाठी १०० केल्विनला गोठवतानाही ग्लिसरॉलसारखंच काहीतरी वापरतात, आणि तिथंही किरणांनी इलेक्ट्रॉन सुटून डायसल्फाइड बंधांवर जातात, ४०० नॅनोमीटरजवळ त्यांचा पट्टा दिसतो. ज्या काचरूप बर्फातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाला २०१७ चं नोबेल मिळालं, त्यातही नमुन्याचं किरणांनी होणारं नुकसान ही याच रसायनाची बाजू आहे. वाहतुकीचं मात्र ध्यानात ठेवा: १ लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. घट्ट झाकणाच्या भांड्यात कधीच नाही, आणि बंद काचांच्या गाडीतून तर मुळीच नाही.

प्रकल्प म्हणून मी तुम्हाला हे सुचवीन. फेरोसायनाइडच्या निळ्या गोळ्या तीन वाट्यांत विभागा आणि ६३०, ५९० व ४५० नॅनोमीटरच्या साध्या एलईडींनी त्या पुसून बघा. एलईडीची तीव्रता एकसारखी करून घ्या, नाहीतर तुलना खोटी ठरेल. दर काही सेकंदांनी फोनचा कॅमेरा एकाच एक्स्पोजरवर लॉक करून फोटो घ्या. शक्य असेल तर धारवाड किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात एकदा जाऊन शोषण मोजून त्या फोटोंचं मापन पक्कं करा. ज्या तरंगलांबीला शोषण जास्त, तिथंच पुसणंही सर्वांत वेगात होतं का, हे आधी बघा. मग लाल प्रकाशानं अर्धवट पुसलेल्या गोळीचा उरलेला पट्टा निळ्या बाजूकडे सरकतो का, ते तपासा. सरकला तर उथळ खड्डे आधी रिकामे झाले असा त्याचा अर्थ लागतो. प्रत्येक नोंदीसमोर गोळी गोठवल्याची वेळ, दिवा बंद केल्याची वेळ आणि मोजमापापर्यंत अंधारात गेलेली मिनिटं लिहा. एक जोडगोळी नुसत्या अंधारात तशीच ठेवून तिचीही नोंद घ्या, म्हणजे सुरंगानं आपोआप गेलेला भाग वजा करता येईल.